पगारातले दोनशे रुपये आणि डोंगरातले खाचर

महाळुंग्यातल्या टॉवरमध्ये राहून हिंजवडीत नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगाराच्या स्लिपवर दरमहा एक बारीकशी कपात असते. व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत तेवढे ३०० होतात, म्हणजे वर्षाचे २,५००. प्रॉव्हिडंट फंड आणि इन्कम टॅक्सच्या आकड्यांपुढे ही रक्कम इतकी किरकोळ, की तिच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. पण महाराष्ट्राने हा कर १९७५ साली बसवला तो एका ठरलेल्या कामासाठी. खेड्यात ज्याच्या हाताला काम नाही, त्याला काम मिळावे म्हणून. शहरात पगार घेणाऱ्याने गावातल्या मजुराच्या चुलीला हातभार लावायचा, असा तो उघड करार होता. आज हे फारसे कुणाला आठवत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. गरिबाच्या घरात दोन वेळचे अन्न कसे पोचते आणि कशामुळे अडते, हे समजून घ्यायचे तर त्या कपातीपासून सुरुवात करावी लागते.

मुळेच्या काठचे महाळुंगे हे मुळशी तालुक्यातले गाव (चाकणजवळचे महाळुंगे वेगळे). १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी शेजारी बालेवाडीला मोठे क्रीडासंकुल उभे राहिले, मग हिंजवडीत आयटी पार्क आले आणि शेताच्या बांधांचे भाव गगनाला भिडले. पीएमआरडीएच्या म्हाळुंगे-माण नगररचना योजनेत अडीचशे हेक्टरांच्या आसपास जमीन एकत्र केली गेली. तिचे तत्त्व असे, की मालकाने जमीन द्यायची आणि तिच्या निम्म्या क्षेत्राचा विकसित भूखंड परत घ्यायचा. ३० जून २०२१ रोजी हे गाव पुणे महापालिकेत गेले. ज्यांची जमीन होती त्यांच्या हाती पैसा आला, भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, कुणी टँकर घेतले, कुणी हॉटेल टाकले. पण मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. त्याच रानात लावणीला येणारी बाई, वाट्याने शेत करणारा, बांधावरचे गवताचे भारे विकणारा यांचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नसते. जमीन विकली जाते तेव्हा मालकाची मालमत्ता रुपये होऊन त्याच्याच खात्यात जाते. मजुराचे काम मात्र नुसते संपते.

याच तालुक्यात पौड ओलांडून पश्चिमेला गेले की दुसरेच जग लागते. ताम्हिणीच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, आणि तरी फाल्गुन उलटला की वाड्यावस्त्यांवर बायका हंड्यांची रांग लावतात. उतारावरून पाणी धावत खाली जाते. सगळ्यात चांगली भाताची खाचरे मुळा-निळाच्या खोऱ्यात होती. ती शंभर वर्षांपूर्वी मुंबईला वीज देणाऱ्या टाटांच्या धरणाखाली गेली. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने झालेला मुळशी सत्याग्रह प्रसिद्धच आहे. शहराच्या गरजेसाठी मुळशीच्या भातशेतीने दोनदा जागा सोडली, एकदा विजेसाठी आणि एकदा इमारतींसाठी. उरलेली खाचरे लहान आणि तुटक आहेत. त्यांच्या वर वरकस जमीन, तिच्यावर नाचणी, वरी आणि थोडी खुरासणी.

अशा घरातले अन्न महिन्यांच्या हिशोबाने समजते. कार्तिकात भात झोडून कणगीत पडतो, तेव्हा घर भरलेले असते. होळीपर्यंत निभते. मग तळ दिसू लागतो. चैत्र-वैशाखात करवंदे, जांभळे, लाकूडफाटा, लग्नसराईतली कामे यांवर दिवस जातात. आषाढात लावणी असते, त्यामुळे आठ-पंधरा दिवस मजुरी मिळते, पण राबणाऱ्या माणसाला जेवणही जास्त लागते. लावणी उरकली की श्रावण-भाद्रपद उरतात. शेतात पीक उभे, पावसाने वाटा बंद, काम नाही, घरात दाणा नाही आणि दुकानदाराची उधारी चढलेली. हे दोन महिने सगळ्यात कठीण. या काळात आदिवासी कुटुंबांना उसने धान्य किंवा रक्कम मिळायची, तिला खावटी म्हणतात. आदिवासी विकास विभागाची खावटी कर्जाची योजना त्यातूनच निघाली. कोरोनाच्या वर्षी सरकारने ती अनुदान म्हणून पुन्हा सुरू केली, प्रत्येक कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपाने.

कातकऱ्यांची गोष्ट याहून बिकट. महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी ही एक, दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. बहुतेक कातकरी घरांकडे स्वतःची शेती नाही. भाद्रपदातल्या अडचणीत वीटभट्टीचा मुकादम येतो आणि हातावर उचल ठेवतो. त्या उचलीपायी दिवाळीनंतर सगळे कुटुंब मुलाबाळांसह भट्टीवर जाते आणि पाऊस तोंडावर आल्यावर परतते. हंगाम संपताना हिशोब होतो, कधी थोडे हाती येते, कधी उचल फिटायची राहते आणि पुढच्या वर्षाचे याच वर्षी ठरून जाते. भाद्रपदातल्या थोड्या रुपयांसाठी माणूस पुढच्या सहा-सात महिन्यांची मजुरी आधीच विकून बसतो. गरिबीचा नेमका सांधा हा आहे आणि मदत पोचायची तर ती याच जागी पोचली पाहिजे.

रेशनने यात मोठा आधार दिला आहे, त्याला कमी लेखून चालणार नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य दिले, आणि २०२३ पासून ते फुकट मिळते. पण ३५ किलो म्हणजे पाच माणसांच्या घरात दिवसाला सव्वा किलोही होत नाही. डाळ, तेल, मीठमिरची, भाजी, मुलांसाठी अंडे, आजारपणाचा खर्च हे सगळे रोख पैशावर. त्या रोख पैशासाठी काम लागते.

ही गोष्ट महाराष्ट्राला दुष्काळाने शिकवली. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. काम मागेल त्याला सरकारने काम द्यावे, ही कल्पना त्यांची. १९६५ साली विसापूरच्या परिसरात तिचा पहिला प्रयोग झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. पुढे सलग तीन वर्षे पाऊस रुसला आणि १९७२ चा दुष्काळ पडला. जुन्या माणसांना तो खडी फोडण्याचा, सुकडीचा आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोचा दुष्काळ म्हणून आठवतो. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध यांची कामे राज्यभर निघाली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती.

या दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्या ज्याँ द्रेझ यांनी एक गोष्ट ठळकपणे मांडली आहे. राज्यातले धान्याचे पीक तेव्हा फार खाली आले होते. जगात इतरत्र याहून कमी तुटीत लाखो माणसे मेल्याची उदाहरणे आहेत. महाराष्ट्रात तसे झाले नाही, कारण लोकांच्या हातात मजुरी होती, आणि हातात पैसा असलेल्या माणसापर्यंत धान्य बाहेरून का होईना येऊन पोचते. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हेच तत्त्व उलट बाजूने सिद्ध केले होते. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात बाजारात धान्य होते, पण शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्याकडे ते विकत घेण्याची ऐपत उरली नव्हती. मुळशीच्या भाद्रपदालाही हे लागू पडते. पौडच्या बाजारात तांदळाची पोती बाराही महिने असतात.

दुष्काळ सरला, पण पाग्यांची कल्पना मागे पडली नाही. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारभत्ता द्यायचा. तो भत्ता सुरुवातीला दिवसाला एक रुपया होता, पण मागणाऱ्याचा हक्क कागदावर आला, हे त्या काळात जगात फार कुठे नव्हते. पैसा उभा करायला व्यवसाय कर आला, शिवाय वाहनांवर, विक्रीकरावर, बागायती जमिनीवर अधिभार आले, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची असे ठरले. शहरातल्या आमदारांनीही याला पाठिंबा दिला, ही आपल्या राजकारणातली अभिमानाची गोष्ट आहे. कामावर येणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास बाया असत, कारण काम गावाजवळ होते आणि मोजमापावर मिळणारा दाम बाईला आणि पुरुषाला सारखा होता. सरकारी कामावर आपल्याला इतके मिळते हे कळल्यावर गावातल्या शेतमालकालाही मजुरी वाढवावी लागली.

ही हमी निर्दोष मुळीच नव्हती. १९८८ साली मजुरी किमान वेतनाला जोडली गेली आणि जवळपास दुप्पट झाली. ते न्यायाचेच होते, पण त्याबरोबर कामे मंजूर करण्याचा हात आखडला आणि मजुरांची हजेरी घटली. बनावट मस्टर निघाले, मेलेल्यांच्या नावावर अंगठे पडले. दुसरा दोष माझ्या मते जास्त खोल होता. खडी फोडणारा मजूर शेवटी मजुरी सोडून काय घेऊन घरी गेला? मजुरी खाऊन संपली, रस्ता पुढच्या पावसात वाहून गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच माणूस तिथेच बसला.

या दोषावरचे उत्तर पुणे जिल्ह्यातच सापडले, मुळशीच्या उत्तरेला आंबेगाव तालुक्यात. घोड नदीवर डिंभे धरण झाले, तालुक्याला ज्याचे नाव आहे ते आंबेगावच पाण्याखाली गेले. खोऱ्यातली सपाट शेते बुडाली आणि महादेव कोळी कुटुंबे उतारावर ढकलली गेली. उतारावर नाचणी-वरी होते, भात होत नाही, कारण भाताला पाणी थांबावे लागते. या लोकांकडे पूर्वापार एक रीत होती, पडकई. उन्हाळ्यात चार-सहा घरांनी मिळून आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या उतारावर राबायचे आणि खाचर पाडायचे. ज्याचे शेत त्याने जेवण घालायचे. देशावरच्या इर्जिकीची ही बहीणच. धरण आल्यावर मात्र जेवण घालण्याइतके धान्यच कुणाच्या घरात उरले नाही आणि जो तो मजुरीसाठी बाहेर जाऊ लागला. आनंद कपूर, कुसुम कर्णिक आणि त्यांच्या शाश्वत या संस्थेने गावकऱ्यांबरोबर एकच मागणी लावून धरली, की पडकईचे काम रोजगार हमीत घ्या. खासगी जमिनीवरच्या कामाला सरकारी पैसा कसा द्यायचा, हा अधिकाऱ्यांचा प्रश्न होता. पुष्कळ झगडल्यावर तो सुटला.

पडकई कशी होते ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. आधी उताराला आडवी रेघ धरतात. खालच्या कडेला पाया खणून मोठे दगड बसवत ताल रचतात, फटीत बारीक दगड, मग माती. नंतर वरच्या अंगाची माती टिकावाने कापून घमेल्याने खालच्या अंगाला ओढायची. सुपीक मातीचा वरचा थर आधी बाजूला काढून ठेवणारा जाणता समजला जातो, कारण खडकाळ पोट वर आले तर दोन-तीन वर्षे भात पिवळा पडतो. पाणी सोडण्यासाठी एका कोपऱ्यात दगडी सांडवा ठेवतात. पहिल्या मोठ्या पावसात नवे खाचर कुठेतरी हमखास फुटते, ते त्याच दिवशी भर पावसात, डोक्यावर इरले घेऊन बांधावे लागते. हे टिकले की पुढच्या पिढीलाही भात देते.

याचा हिशोब कुणालाही करता येईल. दहा गुंठ्यांचे खाचर, जमीन मुरलेली आणि इंद्रायणी भात. हेक्टरी चार टन उतारा धरला तर चार क्विंटल भात, भरडल्यावर अडीच क्विंटलांच्या आसपास तांदूळ. पाच माणसांच्या घराला साडेचार महिने पुरेल इतका. नव्या खाचरात सुरुवातीला याच्या निम्मेच पिकेल, तरी श्रावण आणि भाद्रपद हे दोन महिने निघाले. उन्हाळ्यात मजुरी मिळाली ती वेगळीच. एकाच कामाने दोन हंगामांची भूक भागते. रोजगार हमीचे इतके सरळ आणि इतके पूर्ण उदाहरण माझ्या माहितीत दुसरे नाही.

उतारा वाढवण्याची विद्याही घरचीच आहे. इंद्रायणी हा वाण मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्राचा, १९८७ सालचा. मुळशी-मावळचा सुवासिक आंबेमोहर आणि जास्त पिकणारा आयआर-८ यांच्या संकरातून तो झाला. आंबेमोहराचा वास त्याने बराचसा राखला आणि उंच वाढून लोळण्याची खोड टाकली. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत तर लहान शेतकऱ्यासाठीच आहे. भाताच्या तुसाची राख आणि पेंढा जमिनीत परत घालायचा, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत दाबायचा, दोरी धरून १५ आणि २५ सेंटीमीटरवर रोपे लावायची, आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी खोल खोचायची. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही, त्यामुळे कमी लागते. पाच हजार मिलीमीटर पावसाच्या प्रदेशात फेकलेले खत नदीला जाते, हे मुळशीकरांना सांगायला नको.

मजुरीतून मालमत्ता उभी करण्याचा दुसरा मार्ग फळझाडांचा. १९९० साली महाराष्ट्राने फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. आपल्याच शेतात खड्डे खणायचे, आपलीच कलमे लावायची, आणि त्याची मजुरी सरकारने द्यायची. तेव्हा राज्यात फळबागा अडीच लाख हेक्टरांच्या आसपास होत्या, नंतर त्या कित्येक पटींनी वाढल्या. मात्र याचा मोठा लाभ ज्याच्याकडे विहीर होती त्याला झाला. कलम जगवायला पहिले तीन उन्हाळे पाणी लागते आणि डोंगरातल्या माणसाकडे नेमके तेच नसते. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला सुरू केलेल्या बाएफने यावर वाडीची तोड काढली. गुजरातेत वांसद्याला १९८२ मध्ये तिची सुरुवात झाली आणि मग ती जव्हार-मोखाड्याला आली. एक एकरात आंबा आणि काजू, कुंपणाला जंगली झाडे, मधल्या पट्ट्यांत नाचणी, भाजी, कडधान्य. आंब्याला फळ धरायला पाचेक वर्षे लागतात, तोवर घर कशावर चालणार, याचे उत्तर त्या मधल्या पट्ट्यांत आहे. जव्हार-विक्रमगडच्या बाजूला त्या पट्ट्यात मोगरा आला. पहाटे कळ्या खुडायच्या, टोपल्या भरून गाडीत घालायच्या आणि सकाळी त्या दादरच्या फुलबाजारात उतरायच्या. मोगऱ्याला थोडीच जमीन लागते, पण हाती रोज पैसा येतो. रोज पैसा येणाऱ्या घराला मुकादमाची उचल घ्यावी लागत नाही.

परसबागेबद्दल थोडक्यात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती गावठी बियाणे जपल्याबद्दल. वाल, घेवडा, दुधी, दोडका, भोपळा यांचा कुडाच्या आधाराने वाढणारा पसारा श्रावणात, म्हणजे ऐन कठीण महिन्यांत, ताटात भाजी आणतो. याला सरकारी मंजुरी लागत नाही, बियाणे तेवढे शेजारणीकडून यावे लागते.

हे सगळे होऊ शकते, तर मुळशीच्या प्रत्येक वाडीवर का दिसत नाही? उत्तर बऱ्याच अंशी कागदात आहे. काम हवे असेल तर नमुना ४ भरून मागणी करायची आणि नमुना ५ ची पोच घ्यायची. ही पोच फार महत्त्वाची, कारण पंधरा दिवस तिच्या तारखेपासून मोजतात. पोच नसेल तर मागणी केली असे सिद्ध होत नाही आणि बेकारभत्त्याचा प्रश्नच येत नाही. ग्रामरोजगार सेवकाने तोंडी ‘बघू’ म्हटले की बहुतेक अर्ज तिथेच संपतात. पडकई असो की फळबाग, कामाचे नाव ग्रामसभेच्या आराखड्यात आधी असावे लागते. आणि मजुरी वेळेवर मिळायला हवी. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात तिचा दर ३१२ रुपये होता. भट्टीवाला उचल आधी देतो आणि सरकारी मजुरी महिना-दीड महिना लांबली, तर गरजू माणूस भट्टीच निवडणार.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने देशभरच्या रोजगार हमी कायद्याच्या, म्हणजे मनरेगाच्या, जागी नवा कायदा केला. हमीचे दिवस १०० चे १२५ झाले, खर्चाचा पूर्वीपेक्षा मोठा वाटा राज्यांवर आला, आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत मिळून ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूद झाली. ते दिवस राज्याने आधी जाहीर करायचे आहेत. मुळशीपुरते सांगायचे तर लावणी जुलैच्या अखेरीपर्यंत उरकते आणि कापणी ऑक्टोबरच्या शेवटी लागते. कामे बंद ठेवायचीच असतील तर ती त्या वेळी ठेवावीत. मधला ऑगस्ट आणि सप्टेंबर मोकळा राहिला पाहिजे. त्या पावसात ताल रचता येत नाही, पण लावलेल्या झाडांची निंदणी आणि संगोपन, रोपवाटिका, शेळ्यांचे गोठे, गांडूळखताचे खड्डे ही कामे निघू शकतात, आणि ती त्याच दोन महिन्यांसाठी आराखड्यात राखून ठेवता येतात. वीटभट्टीचे मुकादम वस्तीवर येतात ते याच सुमाराला. त्याआधी एक-दोन आठवड्यांची मजुरी खात्यात पडलेली असेल, तर उचल घ्यायची की नाही हे त्या घराला ठरवता येईल.